सगळ्या सीताबाई मयत

चंद्रपूरला आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात एका सकाळी एक मयत बाई चालत आली. २००४-०५ ची गोष्ट असेल. मार्कंड्याच्या देवळाच्या अलीकडच्या गावातून, दोन एसट्या बदलून.

"मी सीताबाई. तुमच्या मशीननं मले मारलं म्हनते..."

झालं असं, की तिकडच्या मच्छीमार सोसायट्यांच्या सभासदांची ओळखपत्रं आम्ही छापून द्यायचो. कार्ड असेल त्यालाच तलावात जाळं टाकता येई. सीताबाईच्या कार्डावर नावापुढे 'मयत' छापून आलं, आणि सेक्रेटरी नियमावर बोट ठेवणारा... मेलेल्या बाईला तलावात उतरू देईना. घरात ती एकटी कमावणारी, सगळं मासोळीवर चालायचं, आणि सोमवारपासून मासेमारी सुरू होणार होती.

प्रोग्राम माझ्या सहकाऱ्याचा, प्रफुल्लचा. रुबी नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला. नावं वाढली की आमचं जुनं मशीन धापा टाकायचं, म्हणून पठ्ठ्यानं जड काम 'सी' या जास्त वेगवान भाषेत वेगळं लिहून मूळ प्रोग्रामला जोडलं. त्यात एक युक्ती केली... तेच ते नाव मेमरीत पुन्हा पुन्हा कशाला ठेवायचं? एकदाच ठेवा, आणि त्या नावाच्या सगळ्यांना तिकडे बोट दाखवू द्या. मशीन पळायला लागलं आणि प्रफुल्लची स्वारी हवेत!

म्हणजे चौकात 'सीताबाई' अशी एकच पाटी, आणि प्रत्येक सीताबाईच्या घरावरून तिच्याकडे बाण. पण त्याच गावात दुसरी एक सीताबाई वारली. प्रोग्रामनं तिच्या नावापुढे 'मयत' जोडलं... थेट त्या पाटीवरच. एका फटक्यात सगळ्या गावांतल्या सगळ्या सीताबाई मयत! नशीब, कार्डं अजून या एकाच गावाला गेली होती.

मला आधी हसूच आलं. प्रफुल्लचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. "बाई, चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणाला.

आता ही बाई आमचा उद्धार करणार, असं मला वाटलं. तर म्हणते कशी, "काऊन घाबरून राह्यला, बाबू? मेल्याची खोटी बातमी आली का आयुष्य वाढते. तुनं तर साऱ्या सीताबाईचं वाढवलं!"

दुरुस्ती जेमतेम दोन ओळींची होती. नावाला काही जोडायच्या आधी त्याची वेगळी कॉपी करून घ्यायची, बस. सीताबाईला चहा दिला, शेजारी खुर्चीवर बसवलं आणि प्रफुल्लनं प्रोग्राम पुन्हा चालवला.

स्क्रीनवरच्या सीताबाई मी तिला वाचून दाखवत गेले... या तुम्ही, जिवंत. ही वरच्या गावची, जिवंत. तीही हसून मान डोलवत होती. शेवटी एकाच नावापुढे 'मयत' उरलं.

तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"ते माही मैत्रीन. आमी एकमेकीले नावानं हाक नाई मारो. ते मले 'माहं नाव' म्हने, मी तिले 'माहं नाव' म्हनो. जाळं बी संगच ओढो..."

तिनं स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट ठेवलं. मग प्रफुल्लकडे वळली. "एवढ्या साऱ्यायचं मिटवलं, बाबू... तिच्यापुढचं बी मिटवता येते का?"

प्रफुल्लनं कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मला तर तिच्याकडे बघवेना, डोळे भरून आले होते. कार्ड छापून दिलं. तिनं ते पदरानं पुसलं, पिशवीत नीट ठेवलं आणि "येतो" म्हणून निघाली.

रागावली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं. उलट प्रफुल्लला धीर देऊन गेली, त्याबद्दल तिचे आभार मानायचे राहूनच गेले... तिला जिवंत केलं म्हणून आम्ही दोघं सुटलो होतो. ती मात्र आपल्या 'माहं नाव'पुढचं 'मयत' तसंच ठेवून घरी गेली.