माशी बसेल ते दूध

"दूध चांगलं आहे," मी म्हणालो आणि लोटा टेबलावर पुढे सरकवला. "खुशाल पाजा."

रुपलीबाईनं लोट्याला हात लावला नाही. "मंग माशी काहून मरते येच्यात?"

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. केळापूरच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात मी नवाच डॉक्टर होतो. रुपलीबाई तिथल्याच एका तांड्यावरची म्हातारी. तांड्यात सगळे तिला याडी म्हणत. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. तिच्या सुनेला बाळंतपणानंतर ताप भरला आणि अंगावरचं दूध आटलं. दीड महिन्याची नात घरच्या म्हशीच्या दुधावर होती. आणि दोन दिवसांपासून त्या दुधाच्या सायीवर बसलेली माशी तिथंच आडवी होत होती.

मी माझ्या परीनं सगळं पाहिलं होतं. लॅक्टोमीटर सोडला. ही काचेची तरंगती नळी, दुधात पाणी किती घातलंय तेवढं सांगते. काळ्या ताटलीत दूध ओतून गुठळ्या शोधल्या. कासेला सूज असेल तर त्या दिसतात. वास घेतला. किंचित कुबट आला, पण श्रावणात सगळंच कुबट असतं. बाहेर सात बैल ताटकळले होते.

"याडी, माशी आज ना उद्या मरतेच. लेकराला उपाशी ठेवू नका."

"बरं बापू," ती म्हणाली आणि लोटा घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी ती परत हजर. या वेळी हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात साय, आणि सायीवर मेलेल्या माश्या.

"मोज," ती म्हणाली.

मी चिडलो. खरं सांगतो, चांगलाच चिडलो. पदवी माझ्याकडे, आणि परीक्षा घेणार ही! म्हटलं, होऊनच जाऊ दे. लोणच्याच्या तीन रिकाम्या बरण्या आणल्या. एकीत समोरच्या हॉटेलातल्या दुधाची साय ठेवली. दुसरीत याडीची साय. तिसरीत याडीचंच दूध, पण साय पार काढून टाकलेलं. गुरांच्या दवाखान्यात माश्यांना काय तोटा! प्रत्येक बरणीत मूठभर कोंबल्या आणि तोंडाला पट्टीचं कापड बांधलं. याडी पायरीवर बसून राहिली.

दुपारी पाहिलं. हॉटेलच्या सायीवरच्या माश्या मजेत पाय चोळत होत्या. याडीच्या सायीतल्या उताण्या पडून थरथरत होत्या. आणि तिसऱ्या बरणीतल्या, तिच्याच म्हशीच्या पण साय काढलेल्या दुधावरच्या, बहुतेक जिवंत होत्या.

जे काही होतं ते दुधाच्या पाण्यात नव्हतं, स्निग्धात होतं. माझी एवढी काचेची नळी, माझी काळी ताटली, कशालाच ते दिसलं नव्हतं. माशीला दिसलं, आणि माशी मेलेली याडीला दिसली.

सायकल काढली आणि तिच्यामागून तांडा गाठला.

गोठा झाडून लख्ख. म्हैस तुकतुकीत, डोळे पाणीदार, रवंथ चाललेली. आजाराचं नाव नाही. मी विचारलं, "हिच्या अंगाला गोचीड मारायची पावडर लावली होती?"

"नाही बा."

"खायला काय देता?"

"कुटार, न् सरकी. पेरनीची उरली थे."

कुटार म्हणजे भुसा, त्यात काही नव्हतं. मी कोपऱ्यातल्या सरकीच्या पोत्यात हात घातला. बोटं पांढरी झाली. वाळवी लागू नये म्हणून त्या वर्षी पेरणीच्या सरकीला बीएचसीची पावडर चोळून दिली होती. बीएचसी म्हणजे कीड मारायचं औषध.

"याडी, हे औषध लावलेलं बी आहे!"

"ठाव हाय ना मले. म्हून तं तीन तीन पान्यानं धुऊन देतो. तूच सांगतलं होतं."

मी? आणि मग आठवलं. बियाणं वाटपाच्या सभेत मी दोन शब्द बोललो होतो. हे बी जनावरांना देऊ नका, असं बजावलं. तेव्हा कुणीतरी विचारलं, "उरलं तं साहेब?" आमच्याकडे सरकी फेकणं म्हणजे लक्ष्मीला लाथ मारणं. बीडीओसाहेबांची जीप सुरू झाली होती. मी घाईत म्हणालो, "द्यायचंच झालं, तर चांगलं धुऊन द्या." लोकांनी माना डोलावल्या. मी जीपमध्ये बसलो.

आता ऐका. ही पावडर पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. सरकी म्हणजे तर तेलाचीच गोळी. वरवरची पावडर धुतली गेली, बाकीची आत मुरली. म्हशीनं ती खाल्ली, चरबीत साठवली आणि रोज दोन वेळा थोडी थोडी सायीतून बाहेर टाकली. स्वतः साधी ठसकलीही नाही. कॉलेजात मी चार वर्षं गुराचं पोट शिकलो होतो. हा रस्ता मला कुणी दाखवला नव्हता. त्या गोठ्यात मी नुसता म्हशीकडे बघत उभा राहिलो.

मग एकदम ध्यानात आलं. 'खुशाल पाजा' म्हणालो होतो मी.

"याडी, तीन दिवस... पोरीला हे दूध पाजलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी आजही ती नजर विसरलेलो नाही.

"माशी मेली थे दूध लेकराले पाजीन मी? शेजारची शेळी हाय. तिच्या दुधावर हाय पोरगी."

"मग मला 'बरं बापू' का म्हणालात?"

"तुले वाईट वाटलं असतं."

मी गोठ्यातच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी बीडीओसाहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. "डॉक्टर, माश्यांचा रिपोर्ट मी वर पाठवू?"

"साहेब, चूक माझी आहे. मला फक्त जीप द्या."

जीप मिळाली. गावोगाव फिरलो आणि सभेतलं माझं ते एक वाक्य परत घेतलं. उरलेलं बी लोकांना पुरायला लावलं. शिव्याही खाल्ल्या. नागपूरच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. त्यांचं उलट टपाली उत्तर आलं: परदेशातल्या लॅबमध्ये असलं औषध शोधायला खास माश्याच पाळतात, ही युक्ती तुम्हाला कुणी शिकवली? मी तांड्याचं नाव कळवलं.

पोतं बंद झालं, पण म्हशीच्या अंगातलं लगेच थोडंच जातं! याडी रोज सकाळी वाटीभर साय ओट्यावर ठेवायची आणि समोर बसायची. मेलेल्या माश्या कमी होत गेल्या. श्रावण गेला, भादवा गेला. दसऱ्याच्या सुमाराला ती दवाखान्यात आली. लोटा टेबलावर ठेवला. सायीवर तीन माश्या, जिवंत, ऐटीत फिरत होत्या.

"सकाळपासून बसून राह्यल्या," ती म्हणाली. "आता तू पी. मंग पोरीले देतो."

माशी बसलेलं दूध पिऊ नये, असं मी पुढं नोकरीभर लोकांना सांगत आलो. आयुष्यात एकदाच प्यालो. माश्या हाकलल्या आणि लोटा रिकामा करून खाली ठेवला.