पाटीवरचा ठिपका

"ही बघा, मेंढीची लेंडी!" देशमुखाचं पोरगं माझी पाटी वर्गाला दाखवत ओरडलं. सगळा वर्ग हसला. मास्तरही हसले.

लेकरांनो, तुम्ही तिकडे दूरदेशी अणूचं शास्त्र शिकता, म्हणून हे लिहिते. क्रमानं सांगते.

हिंगोलीची शाळा. जपानवर बॉम्ब पडून वर्ष होत आलं होतं. वर्गात मी एकटीच मुलगी, तीही मेंढपाळाची. माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून मला बाहेर ओसरीवर बसवत. दाराला गोणपाट टांगलेलं. आतलं सगळं ऐकू यायचं, फळा दिसायचा नाही. दोन वर्षं मी फळा पाहिला नव्हता.

त्या दिवशी मास्तर अणू शिकवत होते. निजामाचं राज्य, म्हणून शिकवणं उर्दूत, शिव्या मराठीत. अणूच्या मधोमध केंद्रक, त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. केंद्रक अतिशय लहान. इलेक्ट्रॉन त्याच्यापासून फार लांब. मधली जागा रिकामी. मग अणूतून निघणारे किरण आले. अल्फा साध्या कागदानं अडतात. बीटाला ॲल्युमिनियमचा पत्रा लागतो. गॅमा जाड शिशातूनही थोडे पार जातात.

"आता अणू काढा," मास्तर म्हणाले.

मी ऐकला तसा काढला. मध्ये बारीक ठिपका, पार कडेला एक कण. बाकी पाटी कोरी. ती पाटी देशमुखाचं पोरगं आत घेऊन गेलं आणि हसणं सुरू झालं.

"काहून गं, झोपली व्हतीस का?" मास्तरांनी गोणपाटाआडून विचारलं. "ये, पूस हे."

"न्हाई पुसत. तुमी सांगितलं तेच काढलं."

पाटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग जोडा घासल्याचा. मास्तर माझा अणू जोड्यानं पुसत होते.

मी गोणपाट ओढलं. खिळ्यासकट खाली आलं.

दोन वर्षांनी फळा दिसला. त्यावर लिंबाएवढं केंद्रक होतं आणि त्याला खेटून इलेक्ट्रॉन. सगळ्यांच्या पाट्यांवर तेच लिंबू.

"फळ्यावरचा चुकलाय, मास्तर," मी म्हणाले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.

"वास येऊन राहिला, मागं सरक," देशमुखाचं पोरगं म्हणालं.

"येऊ दे."

छडी तुटेपर्यंत मार बसला. मी उठले नाही. दुसऱ्या दिवशी गोणपाट पुन्हा टांगलं होतं. मी पुन्हा काढलं. तिसऱ्या दिवशी कुणी टांगलं नाही.

पुढे मी इंग्रजीतून शिकले आणि हाच धडा जन्मभर शिकवला. माझ्या वर्गाच्या दाराला कधी काही टांगू दिलं नाही. त्या मास्तरांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तुम्हाला कुणी बाहेर बसवलं, तर आत घ्या म्हणून विनवू नका. आत जाऊन बसा. आणि बसल्यावर आधी फळा तपासा.