रिजेक्टबाईंचं लेथ

कारखान्यात त्यांना सगळे रिजेक्टबाई म्हणायचे. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. चौतीस वर्षं त्या तपासणीच्या काचबंद खोलीत बसल्या. मशीनवरून आलेला प्रत्येक दांडा मायक्रोमीटरच्या जबड्यात धरायचा, आकडा वाचायचा. मापात असेल तर उजवीकडे, नसेल तर लाल ठिपका देऊन डावीकडे. भीडभाड नाही.

सगळ्यात जास्त लाल ठिपके लेथवर दांडे कातणाऱ्या एका टर्नरच्या वाट्याला आले. हात चांगला, पण घाई नडायची. एकदा अख्खा ट्रे परत गेला, तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "मोजायला काय जातंय, बाई? एकदा करून बघा."

ते वाक्य बाईंच्या आत रुतून बसलं. खरंच की. लाखभर तुकडे हाताखालून गेले, त्यात आपल्या हातचा एकही नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात साहेबांनी विचारलं, "आठवण म्हणून काय देऊ? भिंतीवरचं घड्याळ?" बाईंनी खिडकीतून भंगारात काढलेल्या छोट्या जुन्या लेथकडे बोट केलं. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा त्यांना टेम्पो सांगावा लागला.

खरी अडचण घरी होती. नवरा ग्रंथपाल, उभा जन्म 'शांतता राखा' या पाटीखाली गेलेला. गाडी त्यांनी कधी घेतलीच नाही. गॅरेजमध्ये वाचनालयाने काढून टाकलेली मासिकं होती, पोटच्या पोरांसारखी सांभाळलेली, थेट छताला टेकलेली.

"अहो, मला गॅरेज हवंय. लेथ येतंय."

ग्रंथपालांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "आवाज करतं का ते?"

"करतं."

"फार?"

"तुमच्या घोरण्याहून कमी."

दुसऱ्या दिवशी बाई उठून बघतात, तर हे गॅरेजमध्ये. सालाप्रमाणे गठ्ठे लावून एकेक आत नेत होते. तीन दिवसांत पलंगाखाली, कपाटांवर, मुलीच्या जुन्या खोलीत मासिकंच मासिकं झाली. मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, मी आले की झोपू कुठे?" ते शांतपणे म्हणाले, "जानेवारी ते जूनवर गादी टाकू."

लेथ आलं. चौघांनी पाइपांवरून सरकवत ते भिंतीशी लावलं. वायरमनने वेगळी लाइन ओढून दिली. बाईंनी जुनं दार ठोकळ्यांवर टाकून टेबल केलं, हत्यारं पुसून ओळीने मांडली, सुताराकडून सपाटी बघायची पातळी आणून मशीनच्या पायांखाली पाचरी ठोकल्या. मग वीतभर लोखंडी दांडा फिरत्या चकच्या जबड्यात आवळला, टोकाला आधार दिला आणि बटण दाबलं. लोखंडाची चकचकीत कुरळी साल सुटायला लागली, तशा बाई गालातल्या गालात हसल्या.

मोजल्यावर हसू मावळलं. दांडा एका टोकाला सहा शतांश मिलिमीटर जाड होता. केसाएवढाच फरक, पण फरक तो फरक. दुसराही तसाच, तिसराही. आठवडाभर झटल्या. टेबलावर दांड्यांची रांग लागली आणि प्रत्येकावर त्यांच्याच हातचा लाल ठिपका. शेवटी मान खाली घालून फोन लावला.

"मी बोलतेय. तपासणीतली."

टर्नरच्या तोंडून निसटलं, "रिजेक्टबाई?"

"तीच. तुम्ही म्हणाला होतात ना, करून बघा. बघितलं. जमत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळीच टर्नर दोन बस बदलून हजर. दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेला, केस पिकलेले, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने आधी दांडा उचलला, मायक्रोमीटर मागून घेतला आणि दोन्ही टोकं अगदी चवीचवीने मोजली. बाई परीक्षेला बसल्यासारख्या उभ्या.

"काय करायचं याचं, बाई?"

"रिजेक्ट," बाई म्हणाल्या.

इतकी वर्षं बहुधा याच शब्दासाठी थांबला होता तो. पण ऐकल्यावर त्याचा चेहराच बदलला. "तुमचा हात नाही चुकला," तो म्हणाला. "मशीन पिळलंय."

त्याने टॉवेल सोडून आपली पातळी काढली. सुताराची पातळी खिडकी बसवायला ठीक, इथे याहून बारीक लागते, असं म्हणत ती लेथवर आडवी ठेवली. गॅरेजची जमीन पाणी वाहून जावं म्हणून दाराकडे उतरती होती. त्यामुळे एका पायाखाली भार कमी पडून लेथचा लांब पाया ओल्या फडक्यासारखा किंचित पिळला होता, आणि हत्यार एका टोकाला जास्त खात होतं. दिवसभर दोघं गुडघ्यांवर. पायाखाली पत्रा सारायचा, बघायचं, काढायचा, पातळ सारायचा. पातळ पत्रा संपला, तेव्हा ग्रंथपालांनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण आणून दिलं आणि दारातच खुर्ची टाकून बसले.

चार वाजता बाईंनी नवा दांडा लावला. मोजला. परत मोजला. फरक एका शतांशाच्याही आत. त्यांनी मायक्रोमीटर पुढे केला. "तुम्ही बघा. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाही."

टर्नरने तो हातात घेतलाच नाही. "बाई, तुम्ही मापात म्हणालात ना? मग मापात."

बाई वळून उगाच हत्यारं नीट लावत राहिल्या.

पुढच्या महिन्यात मागच्या गल्लीतली शिवणवाली आपलं मशीन घेऊन आली. आतला बुश, दांडा ज्यात फिरतो ती छोटी नळी, झिजला होता आणि तसा कुठे मिळत नव्हता. बाईंनी दोन बिघडवले, तिसरा बसला. शिवणवालीने चाक फिरवून बघितलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "माझ्या जावेच्या मशीनलाही हाच त्रास आहे. उद्या आणू का?"

"दुपारनंतर आणा," बाई म्हणाल्या. "सकाळी टर्नर येतात. आटे पाडायला शिकवताहेत."