मनकर्णाच्या घरचा उपास

बनुबाई साळवेंच्या बायबलच्या समासात कोरी जागा शोधून सापडली नसती. भिंगारच्या बायकांची शास्त्राभ्यासाची बैठक दर शुक्रवारी दुपारी तीनला भरायची, एकेका आठवड्याला एकेकीच्या घरी. जो भाग वाचून व्हायचा त्याच्या कडेला बनुबाई शिसपेन्सिलीनं तारीख टाकायच्या. तारखेखाली, बैठक जिच्या घरी झाली तिचं नाव. त्या दिवशी उपास-प्रार्थना असली तर नावापुढे एक बारीक 'उ'. ही शिस्त त्यांच्या आईची. आई कोल्हारच्या बाजूच्या खेड्यांतून पिशवीत शास्त्र घालून पायी हिंडायची, बायकांना वाचून दाखवायची आणि घरी आल्यावर कुठल्या गावात काय वाचलं ते टिपून ठेवायची.

"साळवेबाईंइतकं शास्त्र आपल्या मंडळीत कुणाला येत नाही, मी धरून," असं चर्चचे पाळकसाहेब म्हणायचे. लोक हसायचे. बनुबाई मान खाली घालायच्या, पण ते वाक्य पुन्हा कधी निघतंय याकडे त्यांचा कान असायचा. लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेला नवरा तेवढा जेवताना चिमटा काढायचा. "एवढे अध्याय ध्यानात राहतात, मग आमटीतलं मीठच कसं विसरतं?"

१९९३च्या पावसाळ्याअखेरीस मनकर्णा वैरागर बैठकीला यायला लागली आणि बायका आठ झाल्या. मनकर्णा बत्तीस वर्षांची, नगरच्या एका दवाखान्यात आया. नवरा सहादू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वैरागर मूळचे मांगवाड्यातले. साळवे आणि बैठकीतल्या बाकीच्या सहाजणींची घरं महारवाड्यातली. बाप्तिस्मा घेऊन दोन्हीकडच्या तीन पिढ्या झाल्या होत्या. चर्चमध्ये सगळे एका सतरंजीवर बसायचे, नाताळात एकमेकांना मिठ्या मारायचे. ताटाबद्दल मात्र कुणी बोलत नसे.

मनकर्णाकडे पहिली बैठक ठरली, तशा सगळ्यांत वडीलधाऱ्या गोजरबाई बनुबाईंच्या ओट्यावर येऊन बसल्या.

"बने, मला न्हाई जमायचं तिथं खायला. म्या सांगंन, शुगर हाय."

"तुम्हाला शुगर आहेच, मावशी. बाकीच्या काय सांगतील?"

"त्ये तू बघ. तू पुढारीण."

बनुबाईंनी दोन दिवस विचार केला. सहाजणींनी सहा सबबी सांगितल्या तर पोरीचं मन मोडेल. शेवटी रविवारी चर्चच्या दारात त्यांनी सांगून टाकलं की येता शुक्रवार उपास-प्रार्थनेचा. कुणाला खोटं बोलायला नको, कुणाचा अपमान नको. आपण गोष्ट किती नाजूकपणे सोडवली याचं त्यांना स्वतःशी कौतुकही वाटलं. आपण स्वतः तिथं खाल्लं असतं की नाही, हा प्रश्न त्यांनी मनात येऊच दिला नाही.

त्या रविवारी मनकर्णा ड्युटीवर होती. तिच्यापर्यंत निरोप पोचला नव्हता. शुक्रवारी बायका गेल्या तेव्हा तिच्या घरात वेलदोड्याचा वास होता. पातेलंभर शेवयांची खीर केलेली, शेजारून आणलेल्या वाट्या ओळीनं मांडलेल्या.

"आज उपास आहे गं आपला," बनुबाई म्हणाल्या.

"व्हय का?" मनकर्णानं पातेल्यावर झाकण सरकवलं. "ऱ्हाऊ द्या मग. पोरं खातील."

त्यानंतर दर आठव्या शुक्रवारी मनकर्णाकडे बैठक आली की उपास आला. पुढंपुढं तो जाहीरही करावा लागेना.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी दुपारी बनुबाई दुसऱ्या दिवशीचा धडा काढायला बसल्या. बैठक त्यांच्याच घरी होती. भाग येशूचा शिष्य पेत्र याचा. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर पेत्र एका पंगतीला जेवत असे, पण अशा पंगतीला नावं ठेवणारी यरुशलेमाकडची माणसं आली तसा तो त्यांच्या भीतीनं हळूच पंगतीतून बाजूला झाला, आणि पौलानं त्याला सगळ्यांदेखत खडसावलं. बनुबाईंनी हा भाग पाच-सहा वेळा शिकवला होता. मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते बघावं म्हणून त्या पानं चाळायला लागल्या आणि समासातली त्यांचीच अक्षरं त्यांना दिसली. मनकर्णा, उ. मनकर्णा, उ. आणखी दोनदा तेच.

निदान एक 'उ' दुसऱ्या कुणाच्या नावापुढे असेल म्हणून त्यांनी गेल्या आठ महिन्यांची सगळी पानं उलटली. गोजरबाईंच्या नावाशी भजी आठवली, आपल्या नावाशी पोहे. 'उ' कुठेच नव्हता.

मग त्यांना आई आठवली. एका मळ्यातल्या घराच्या उंबऱ्याबाहेर ओणवी उभी, ओंजळ तोंडाशी धरलेली. आतली बाई वरून पाण्याची धार सोडत होती. बाई वाईट नव्हती. "उन्हाची आलीस, दमली असशील," असं किती मायेनं म्हणाली होती. सात वर्षांच्या बनूला त्या मायेचाच जास्त राग आला होता. आज पुस्तक मांडीवर ठेवून बसल्या बसल्या त्यांचे कान तापले. आपणही मायेनंच वागलो होतो.

शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, असं ठरवून त्या धड्याला बसल्या. पेत्राचं भय सांगितलं, पौलाचं धैर्य सांगितलं. स्वतःवर यायची वेळ झाली तशा त्या पुन्हा पौलाकडेच वळल्या. तेवढ्यात मनकर्णा म्हणाली, "बाई, पेत्र पंगतीतून उठला तवा त्या लोकांना काय सांगून उठला असंल?"

"ते लिहिलेलं नाही."

"कायतरी सांगितलंच असंल. चांगला मानूस हुता. उगं कसा उठंल?"

 "बने, चहाचं बघ आता," गोजरबाई म्हणाल्या. बनुबाई चहाचं बघायला उठल्या, आणि आत गेल्यावर स्टोव्ह न पेटवता तशाच उभ्या राहिल्या. बाहेर येऊन त्यांना एवढंच म्हणता आलं, "पुढचा शुक्रवार मनकर्णाकडे. उपास नाही."

पुढच्या शुक्रवारी आठातल्या पाचच जणी जमल्या. गोजरबाईंचा गुडघा दुखत होता. धडा झाला, प्रार्थना झाली, पण कुणी उठेना. बनुबाई सकाळपासून काही न खाता आल्या होत्या. मनकर्णानं एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"बाई, म्या काहीच केलं न्हाई वो. तुमी म्हनला खरं. पन मला वाटलं, ऐन वक्ताला उपास निघंल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हेच अवघड होतं.

"चार वेळा केलं. आता पोरं इचारत्यात, आई, बायका येनार हायेत का? मंजी आज गोड ना?"

बनुबाईंनी बायबल मिटलं. "मनकर्णा, तो उपास मी काढला होता. प्रार्थनेसाठी नव्हता."

"ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पयल्या येळंपासून. दवाखान्यात रोज बघते मी. कोनाला खरंच खायचं न्हाई आन् कोनाला माझ्या हातचं नको हाय, त्ये लगीच कळतं."

"मग तरी येत राहिलीस?"

"वचन ऐकायला. तुमी लई चांगलं सांगता."

बनुबाईंना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. खाली पाहत त्या म्हणाल्या, "चहा मिळेल?"

"दूध न्हाई."

"कोरा चालेल."

मनकर्णा लगेच उठली नाही. बनुबाईंकडे थोडा वेळ बघत राहिली, मग गेली आत. दोघी बायका पदर सावरत निघून गेल्या. एक राहिली, तिनं अर्धा कप घेतला. बनुबाईंनी गुळाचा कोरा चहा पूर्ण प्यायला आणि काय करावं न कळून कप धुवायला मोरीकडे निघाल्या.

"ठेवा त्यो कप," मनकर्णाचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या घरी कुनी आपला कप आपन धूत न्हाई. त्ये आमच्या आया-आज्यांनी लोकांच्या दारात लई केलं."

बनुबाईंनी कप खाली ठेवला. आईनंही केलं होतं, हे त्यांच्या ओठावर आलं, पण ते म्हणायचा हक्क त्यांनी घालवला होता. मनकर्णानं त्यांना माफ केलं का, हे विचारायचाही.

घरी येऊन त्या खोडरबर घेऊन बसल्या. पहिल्या 'उ'वर रबर टेकवलं आणि तसंच उचललं.

पुढचा शुक्रवार गोजरबाईंकडे होता. सगळ्या जमल्यावर बनुबाईंनी आधी उपासाचं खरं काय ते सांगितलं. गोजरबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बनुबाईंनी आपलं बायबल मनकर्णापुढे ठेवलं. "आज तू वाच. यातूनच वाच."

मनकर्णानं पान काढायला पुस्तक चाळलं. एका समासावर तिचं बोट थांबलं. आपलं नाव, त्यापुढचं अक्षर. तिनं वर पाहिलं नाही. पान उलटलं, पदरानं घाम टिपला आणि वाचायला लागली. बनुबाईंनी मान खाली घातली ती वाचन संपेपर्यंत वर केली नाही.