पायानं काढलेला विठ्ठल

निवृत्तीदादा जन्मला तोच हातांविना. वडील शिंपी. ते कापड बेतायचे आणि हा खाली बसून, पायाच्या बोटांत त्यांचा खडू धरून चिंध्यांवर हत्ती काढायचा. आता चाळिशी उलटली. एक संस्था त्याची चित्रं भेटकार्डांवर छापते. मी दादाच्याच घरी माडीवर भाड्यानं राहतो आणि शहराबाहेर कडकोळच्या कारखान्यात कामाला जातो. माझं अक्षर पाहून तो रोज म्हणतो, "दोन हात असून हे?"

राजवाडा, मोर, फुलबाजार सगळं काढलं, देव मात्र कधी नाही. देवाला पाय कसा लावायचा?

यंदा त्याच्या आईनं, मालतीबाईंनी, देवघरासाठी विठ्ठल मागितला. "तोंडानं काढ. आंघोळ करून, नवा ब्रश घेऊन."

"आणि उष्टं झालं तर?"

"चूळ भर की रे! सुम्ने, उगाच वाद घालू नको."

ब्रश दातांत धरायची त्याला सवय नाही. मान अवघडली, लाळ गळली, विठ्ठल तिरळा झाला. मी म्हटलं, "दादा, हा तर आमच्या सुपरवायझरसारखा बघतोय." तो हसला नाही.

मग मालतीबाई देवळात भजनाला गेल्या तेव्हा त्यानं दाराला कडी घातली आणि पायानं काढला. असा विठ्ठल की परीक्षेपुरत्या भक्तानंही, म्हणजे मीही, हात जोडले.

चित्र देवघरात लागलं. मालतीबाई बायकांना सांगत सुटल्या, "लेकानं तोंडानं काढलाय, पण एक थेंब उष्टा नाही." इकडे लेकाचं जेवण तुटलं. आरती सुरू झाली की तो पाय लुंगीत ओढून घ्यायचा.

"दादा, पाय झाकून काय होणार? त्याला माहीतच आहे," मी म्हटलं. चेष्टा म्हणून म्हटलं, पण त्याचा चेहरा पाहून जीभ चावली.

एका सकाळी मालतीबाईंनी आरतीचं तबक त्याच्यापुढे धरलं.

"नको, आई. तो मी पायानं काढलाय."

मी जिन्यात होतो. ना वर जाता येई, ना खाली.

"पायाचं ते देव बघेल," तबक खाली ठेवून त्या म्हणाल्या. "पण त्याच्यापुढे उभी राहून मी रोज खोटं सांगत होते, ते?"

"चुकलं."

"चुकलं म्हटलं की आयतु? झालं, संपलं?"

त्यांनी चित्र उतरवलं. दादा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता.

एकादशीला भजनाच्या बायका घरी आल्या. चित्र चौरंगावर होतं. मालतीबाई म्हणाल्या, "गळ्यात तुळशीची माळ नाही. घाल, सगळ्यांसमोर."

त्यानं बोटांत ब्रश धरला. वयानं मोठ्या जानकीबाई दचकल्या, "अय्यो, पायानं?"

"पायानंच. खोटं मी सांगितलं होतं. बोलायचं ते मला बोला."

कशालाही पाय लागला तर आपण हात लावून तो डोळ्यांना लावतो, विचारसुद्धा न करता. दादाला तेही करता येत नाही. म्हणून तो एकेक पान काढी आणि मालतीबाई त्या पानाला बोटं लावून आपल्या डोळ्यांना लावत. पापण्या हिरव्या झाल्या.

"आई, रंग ओला आहे. पान पुसतंय."

"मग पुन्हा काढ."