तेविसाव्या बॉलनंतर

तेविसाव्या बॉलला हिराओकाचं कोपर रेषेच्या खाली आलं. रेष मीच मारली होती, मॉनिटरच्या काचेवर, लाल मार्कर पेनने, त्याच्या खांद्याच्या उंचीवर. पहिले बावीस बॉल कोपरावरचा चकचकीत ठिपका रेषेवर किंवा जरासा वर होता. तेविसाव्याला तो दोन बोटं खाली दिसला. चोविसाव्यालाही. पंचविसाव्याला हिराओकाने कमरेतून जास्त वळून तो परत वर आणला, आणि मला तेच जास्त खटकलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी क्योतोत एका विद्यापीठाच्या बायोमेकॅनिक्स लॅबमध्ये टेक्निकल असिस्टंट होते. सुहास, माझा नवरा, पीएचडीसाठी आधी आला, मागून मी. माझी फिजिक्सची डिग्री वर्षभर सूटकेसमध्येच होती, मग लॅबचे प्रोफेसर मोरिता-सेन्सेई यांनी मला कामावर घेतलं. बायोमेकॅनिक्स म्हणजे शरीर हलतं कसं ते मोजायचं. खेळाडूच्या सांध्यांवर चकचकीत गोळ्या चिकटवायच्या, चार बाजूंनी हाय-स्पीड कॅमेरे लावायचे आणि नंतर कॉम्प्युटरवर एकेका फ्रेममध्ये त्या गोळ्या शोधत बसायचं. एका बॉलला अर्धा दिवस जायचा. ते बसण्याचं काम माझं होतं. स्वभाव मुळातच चौकस, घरच्यांच्या भाषेत चोंबडा, त्यामुळे मला त्याचा कंटाळा कधी आला नाही.

हिराओका अठरा वर्षांचा, हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाचा, डावखुरा पिचर. पिचर म्हणजे आपला बोलर, पण जागेवरून सरळ फेकतो. क्रिकेटमध्ये ज्याला नो-बॉल देतील त्याचे इथे त्याला पैसे मिळतात. नोव्हेंबरच्या ड्राफ्टमध्ये एका क्लबने त्याचं नाव घेतलं होतं. ड्राफ्टमध्ये क्लब खेळाडू निवडतात, हायस्कूलच्या मुलाला क्लब निवडता येत नाही. त्याच्या हातात एकच गोष्ट असते, सही करायची की नाही. सही केली की एकरकमी पैसे मिळतात, त्याला साइनिंग बोनस म्हणतात. नाही केली तर कुठल्यातरी कंपनीत नोकरी धरून तिच्या टीमकडून खेळायचं. मग तीन वर्षं ड्राफ्टचं दार बंद.

हिराओकाच्या वडिलांनी तीनदा नाही म्हटलं होतं. दर वेळी आकडा कमी आहे म्हणून. जानेवारी उजाडला तरी सही नव्हती. स्टेशनवरच्या स्पोर्ट्स पेपरांत त्यांचा फोटो येत होता आणि त्याखाली ‘लोभी बाप’ या अर्थाचे मथळे.

आम्ही दोघं पुण्याचे. भाव करताना निम्म्यात उठून चालायला लागायचं असतं, हे आम्हाला लहानपणीच कळलेलं. सुहास पेपर बघून म्हणाला, “माणूस पक्का आहे. चौथ्या वेळी हो म्हणेल बघ.” मलाही तसंच वाटलं.

शेवटी क्लब म्हणाला, आकडा वाढवू, पण आधी हात मोजून घेऊ. म्हणून ते आमच्या लॅबमध्ये आले होते. हिराओका, त्याच्या हायस्कूलचे कोच, ज्यांना सगळे कांतोकू म्हणतात, आणि क्लबचे स्काउट शिमोदा-सान. स्काउट म्हणजे नवे खेळाडू हेरणारा माणूस. शिमोदा-सान स्वतः पंधरा वर्षं कॅचर होते, म्हणजे पिचरच्या समोर बसून त्याचे बॉल झेलणारे. वडील आले नव्हते, त्यांना दुकान होतं.

तर पंचविसावा बॉल झाला आणि मी तोंड उघडलं. सेन्सेई माझ्या बाजूलाच उभे होते, त्यांना हळूच सांगता आलं असतं. पण मी खुर्चीतून उठले आणि भर खोलीत विचारलं, “हिराओका-सान, खांदा दुखतोय का?”

हिराओकाने माझ्याकडे पाहिलं नाही. कांतोकूंकडे पाहिलं, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, “दाइजोबु देस.” म्हणजे, काही नाही, ठीक आहे.

“ठीक आहे ना?” कांतोकू म्हणाले. “मग आणखी वीस टाक. गोरे-सानना नीट बघू दे.” गोरे-सान म्हणजे मी, गोरेबाई.

ठरले होते तीस. त्याने पंचेचाळीस टाकले. शेवटचे वीस आधीच्यांपेक्षा वेगात. स्पीड गन बघून शिमोदा-सान मान हलवत होते. मॉनिटरवर लाल रेषेखाली तो ठिपका एकसारखा खाली जात होता आणि मी खुर्चीला धरून बसले होते. एक प्रश्न विचारून मी त्या पोराच्या खांद्यावर पंधरा जादा बॉल घातले होते. मला स्वतःचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

घाम पुसायला त्याला लॅबचा टॉवेल दिला होता, तो हिराओका चुकून घेऊन गेला. चार दिवसांनी दुपारी दारावर टकटक झाली. बुटके, रुंद खांद्यांचे एक गृहस्थ उभे होते. धुऊन, इस्त्री करून, कागदात गुंडाळलेला टॉवेल त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. वर मिठाईचा डबा. “हिराओकाचा बाप,” ते म्हणाले. पेपरातल्या फोटोपेक्षा म्हातारे दिसत होते.

सेन्सेई लेक्चरला गेले होते. मी चहा केला. ते बराच वेळ मॉनिटरकडे बघत बसले. रेष मी अजून पुसली नव्हती.

“त्याचं कोपर खाली येतं ना?” त्यांनी विचारलं.

रिपोर्ट अजून कोणालाच दिलेला नव्हता. “तुम्हाला कसं कळलं?”

त्यांनी बाही वर सारून स्वतःचं कोपर दाखवलं. त्यावर टाचेसारखा जाड घट्टा पडला होता. त्यांचा धंदा तातामी शिवण्याचा, म्हणजे जपानी घरांतल्या जमिनीवरच्या जाड चटया. टाका घातला की कोपराने दाबून दोरा आवळायचा. “तीस वर्षं याच्यावर खातो. सप्टेंबरपासून तो जॅकेट घालताना आधी डावा हात घालतो. दुखरा हात आधी घातला की वर उचलावा लागत नाही. मीही तसंच करतो.”

मला राहवलं नाही. “मग तुम्ही जास्त पैसे का मागताय? खांदा दुखतोय हे सांगून टाका ना.”

“सांगितलं की कोणीतरी विचारणार, कधीपासून.”

मला काहीच कळलं नाही. त्यांनी ते ओळखलं असावं. परदेशी बाईला समजावून सांगावं लागतं, आणि परदेशी बाईला सांगितलेलं गावात पोचत नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या सोयीच्या होत्या.

उन्हाळ्यातल्या हायस्कूलच्या स्पर्धेत कांतोकूंनी त्याला चार दिवस लागोपाठ पिच करायला लावलं होतं. तो नाही म्हणाला नाही, कोणीच म्हणत नाही. ‘कधीपासून’चं उत्तर ते चार दिवस होतं. ते उत्तर बाहेर आलं की कांतोकूंनी मोडका हात क्लबच्या गळ्यात मारला असं होणार, आणि पुढच्या वर्षी त्या शाळेत एकही स्काउट पाऊल टाकणार नाही. तिथे दुसरी पोरं वाट बघत होती.

“कांतोकूंच्या घरी तो तीन वर्षं राहिला,” ते म्हणाले. “तो तिथे गेला त्याच वर्षी त्याची आई वारली. त्यांच्या बायकोने याचे डबे केले, कपडे धुतले. त्या माणसाकडे मी बोट दाखवू?”

“पण कांतोकूंना माहीत आहे का?”

“ते विचारायचं नसतं.”

“डॉक्टर?”

“दवाखान्याच्या दाराशी पेपरवाले. शिवाय पोरगा मलाही दाइजोबुच म्हणतो.” त्यांनी कप खाली ठेवला. “म्हटलं, क्लबला थांबवून ठेवू. दोन महिने हात न वापरता गेले तर उतरेल. थांबवून ठेवायचं तर काहीतरी कारण हवं. पैसे जास्त मागितले की कोणी दुसरं काही विचारत नाही.”

मी चाट पडले. तीन वेळा नाही म्हणणारा हा माणूस भाव करतच नव्हता. सगळ्या पेपरांनी आणि पुण्याच्या दोन शहाण्यांनी त्याला पक्का व्यापारी ठरवून टाकलं होतं.

उठताना ते म्हणाले, “कोपर खाली येतं हे लिहा. ते लिहायलाच हवं, म्हणजे क्लबच त्याला डॉक्टरकडे पाठवेल. फक्त कधीपासून ते लिहू नका.” आणि इतके खाली वाकले की मला कुठे बघावं कळेना.

आता पंचाईत अशी, की कधीपासून ते मला खरंच माहीत होतं. शिमोदा-साननी तुलनेसाठी उन्हाळ्यातल्या शेवटच्या मॅचची टीव्हीवरची टेप दिली होती. मी ती फ्रेम फ्रेम करून बघितली होती. शेवटच्या दोन डावांत कोपर खाली येतच होतं. रिपोर्टमधलं सहावं पान त्याचंच होतं, तक्त्यासकट तयार.

मी सेन्सेईंपुढे सगळं ओतलं. टॉवेल, जॅकेट, डबे, सगळं. मोरिता-सेन्सेई म्हणजे आकड्यात अर्ध्या अंशाची चूक सापडली तर दिवसभर न बोलणारे गृहस्थ. त्यांनी सहावं पान हातात घेतलं, चष्मा वर केला.

“गोरे-सान, ही टेप किती कॅमेऱ्यांची?”

“एका.”

“एका कॅमेऱ्यावरून कोन काढता येतो?”

नाही येत. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा, म्हणजे का ते कळेल. खोली समजायला दुसरी बाजू लागते. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत होतो, आणि कोपर किती खाली आलं ते अंशांत मांडलेला माझा तक्ता त्या हिशेबाने निकामी होता. पण कोपर खाली येत होतं हे दिसायला तक्ता लागत नव्हता, नुसता डोळा पुरत होता. ते सेन्सेईंनाही दिसलं होतं.

“मग हे पान रिपोर्टमध्ये बसत नाही,” ते म्हणाले, आणि पान त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. फाडलं नाही.

हे बरोबर झालं का, यावर मी आणि सुहास आठवडाभर वाद घालत होतो. तो म्हणे, क्लबने टेप दिली होती, त्यांना उत्तर मिळायला हवं. मी म्हणे, आपल्या पद्धतीने जे मोजता येतं तेवढं आपण दिलं. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, म्हणून वाद संपत नव्हता.

शिमोदा-सान रिपोर्ट घ्यायला आले. पाच पानं त्यांनी सावकाश वाचली. तेविसाव्या बॉलपासून कोपराची उंची कमी होते, शरीर वळवून भरपाई केली जाते, खांद्याच्या डॉक्टरांकडून तपासणी व्हावी. मग पहिल्या पानावर परत आले.

“आणि टेप?”

“एकच कॅमेरा,” सेन्सेई म्हणाले. “उपयोग नाही.”

शिमोदा-साननी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझे कान गरम झाले. पंधरा वर्षं पिचरच्या समोर उकिडवा बसलेला माणूस तो. ती टेप त्याने स्वतः किती वेळा बघितली असेल आणि त्याला काय दिसलं असेल, हे मला त्या क्षणी कळलं. कदाचित म्हणूनच त्याने मुलाला आमच्याकडे आणलं असेल. क्लबला तो ‘मला वाटतं’ एवढंच सांगू शकला असता. त्याला दुसऱ्या कोणाचं तरी मत छापील कागदावर हवं होतं, आणि त्यात कांतोकूंचं नाव नको होतं.

“सो देस का,” ते म्हणाले. असं आहे होय. आणि रिपोर्ट बॅगेत ठेवला.

पुढच्या आठवड्यात सही झाली. रक्कम नोव्हेंबरमध्ये पहिल्यांदा देऊ केलेली, तेवढीच. फक्त करारात एक कलम जादा होतं. पहिलं वर्ष मॅच नाही, क्लबच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार. पेपरांनी छापलं की क्लबने लोभी बापाला अखेर नमवलं. फोटोत वडील मान खाली घालून बसले होते, बाजूला कांतोकू अगदी ताठ. पेपर वाचून मला इतकं रडू आलं की सुहास घाबरला.

हिराओकाचं पुढे फार मोठं नाव झालं नाही. दोन वर्षं क्लबच्याच दुय्यम टीमकडून खेळला, मग मुख्य टीममध्ये शेवटचा एखादा डाव टाकणारा पिचर म्हणून काही वर्षं टिकला. हात शाबूत राहिला. कांतोकूंच्या शाळेत पुढच्या वर्षीही स्काउट गेले, त्यात शिमोदा-सान होते. ते आता तिथे मॅच बघतात आणि पिचर किती दिवस लागोपाठ टाकतोय ते वहीत लिहितात, असं सेन्सेईंनी मला एकदा सांगितलं.

लॅबमध्ये मी त्यानंतर एक नियम केला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला. टेस्टच्या वेळी आत फक्त खेळाडू आणि मी. कोच, स्काउट, आईवडील, सगळ्यांना बाहेर बसवायचं, कॉफी द्यायची, दार लावून घ्यायचं. माणसं आत असली की कॅमेऱ्यांना अडचण होते, असं कारण मी सगळ्यांना सांगायचे. कॅमेऱ्यांना काहीही अडचण होत नाही.