रिकामी आकडी

मला शांत बसता येत नाही. बायको म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आणि हाताला खाज. त्या श्रावणात ही खाज घडीच्या चाकूची होती. गोठ्यात, रामनगरच्या बसमध्ये, जेवताना ताटावर बसूनसुद्धा माझा डावा अंगठा चाकू उघडायचा. खट्. मिटायचा. पुन्हा खट्. बसमधल्या एका बाईनं आपलं पोर दुसऱ्या मांडीवर घेतलं, तेव्हा कुठे मी चाकू खिशात टाकला.

डावा अंगठा, कारण चाकू बाबांसाठी होता. उन्हाळ्यात बाबांच्या अंगावरून वारं गेलं. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र खांद्यापासून नुसता लोंबत राहिला.

आमच्याकडे रानात जाणाऱ्या माणसाच्या कमरेला मागे आकडी असते. म्हणजे दोरीनं बांधलेला एक लाकडी ठोकळा, त्याला खाच. खाचेत उघडा कोयता अडकवला की माणूस निघाला. रिकाम्या आकडीनं रानात पाऊल टाकायचं नाही, हा बाबांचा नेम. अस्वल समोर आलं तर कोयत्यानं काय होणार, हे त्यांनाही ठाऊक. पण पावसात वाटा बुजतात, वेल आडवे येतात, आणि नेम तो नेम.

डाव्या हातानं त्यांनी कोयता एकदा चालवून बघितला. तो पेरूच्या फांदीवरून निसटला आणि त्यांच्याच नडगीला घासून गेला. बायकोनं त्याच दिवशी कोयता माळ्यावर टाकला.  बाबांनी आकडी मात्र सोडली नाही. रिकामी आकडी बांधून ते अंगणाच्या बांबूच्या फाटकापर्यंत जायचे, उभे राहायचे, परत यायचे. पुन्हा जायचे. दिवसभर हेच. ते बघून माझा जीव तळमळायचा, आणि वड्याचं तेल वांग्यावर काढावं तसा मी कुत्र्यावर खेकसायचो.

त्यात चतुर्थी जवळ आली. गणपतीच्या डोक्यावर आम्ही माटोळी बांधतो. लाकडी चौकटीला रानातली फळं, पानं, वेल टांगतो. ते सगळं रानातून आणायचं काम कायम बाबांचं.

"यंदा मी आणतो," मी सहज बोलून गेलो.

बाबांनी भिंतीकडे तोंड केलं आणि संध्याकाळपर्यंत वळले नाहीत. मला फार वाईट वाटलं. मग ठरवलं, चतुर्थीच्या आत बाबांना त्या फाटकाबाहेर काढायचं. एका हातानं उघडेल, हलका असेल, निसटला तरी नडगी फोडणार नाही, असा चाकू शोधायचा.

पहिला चाकू रामनगरच्या रस्त्यावर, ट्रकवाल्यांना दोऱ्या आणि बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात घेतला. घरी येऊन लाकडावर दाबला तर पातं मागे फिरलं आणि माझ्या बोटावर मिटलं. रक्तानं माखलेली चिंधी बांधून मी दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

"मिटतोय की ह्यो!"

"घडीचा हाय, मिटणारच की," दुकानदार शांतपणे म्हणाला.

या उत्तरावर काय बोलणार? मी बोललो, बरंच बोललो, आणि खटका घट्ट बसणारा दुसरा घेऊन आलो.

त्याची मात्र मी कसून परीक्षा घेतली. उजवा हात शर्टाच्या आत कोंबून बटणं लावली आणि सगळी कामं डाव्यानं केली. गोणीची सुतळी, केळीचं देठ, वेत. पात्यावर एक बारीक बोंड होतं, त्याला अंगठा लावून ढकललं की पातं बाहेर. ओल्या हातानं उघडून बघितला, तेलकट हातानं बघितला. फणसाच्या चिकानं माखून, पुसून पुन्हा बघितला. खटका हलला नाही.

बायको दारातून बघत होती. "अवो, एक हात असूनबी तुमी दोन मान्सांचा घोळ घालताय."

शेवटी चाकू बाबांना द्यायचा दिवस आला. धारेची वस्तू आम्ही हातात देत नाही, भांडण होतं म्हणतात. मी ती ओट्यावर ठेवली. बाबांनी उचलली, उलटीपालटी केली.

"ठेवायचा कुटं?"

मी त्यांच्याकडे नीट बघितलं. बाबांच्या अंगावर पंचा आणि बंडी. दोन्हींना खिसा नाही. आयुष्यात कधी नव्हता. मी खिशातल्या चाकूची इतकी परीक्षा घेतली आणि खिशाचा विचारच केला नाही.

"उघडा तरी," मी म्हणालो.

त्यांनी बोंडाला अंगठा लावला. तो अंगठा माझा नव्हता. नांगर आणि कोयता धरून जाड झालेला, पेर न वाकणारा. बोंडावरून तो सारखा घसरत राहिला. माझे हात शिवशिवत होते, हिसकावून उघडून दाखवावा असं वाटत होतं. बाबांनी चाकू मिटलेलाच ओट्यावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे. तूच जा रानात."

चिडलो मी. चाकूवर, दुकानदारावर, त्या अंगठ्यावर. रात्री नीट झोप आली नाही.

सकाळी गोठ्यामागून आवाज आला. खट्.

तो आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. शेणाचं घमेलं टाकून मी धावलो. बाबांनी आकडी सोडून दाव्याच्या खुंट्याला घट्ट बांधली होती. चाकूचं बोंड त्यांनी आकडीच्या खाचेच्या कडेला अडकवलं होतं आणि कोयता उपसावा तसा डाव्या हातानं हिसका दिला होता. पातं उघडं होतं. अंगठ्याचं कामच पडलं नव्हतं.

"आता मिटताना मला सांगा," मी हात पुढे केला. "बोट कापंल."

"मिटायचा कशाला?" बाबा म्हणाले. "कोयता कवा मिटलावता?"

त्यांनी मला आकडी आपल्या कमरेला बांधायला लावली. मग हात मागे नेऊन उघडा चाकू खाचेत सोडला, न बघता. मूठ लहान पडली, चाकू डुगडुगला. त्यांनी खाचेत केळीच्या बुंध्याचं वाळकं सोपट कोंबलं, एकदा चाकू हलवून बघितला आणि फाटकाचा बांबू सरकवला.

मी मागे निघालो.

"तू हितंच."

मी हितंच राहिलो. म्हणजे फाटकापर्यंत जायचो, उभा राहायचो, परत यायचो. बायको म्हणाली, "मामा जाऊन येतील, तुमी बसा बघू," पण बसवेना. रानात बाबा पडले असतील, पातं पाठीत घुसलं असेल, हे सगळं मी उभ्या उभ्या बघून घेतलं. खिसा रिकामा होता आणि खिशात माझा अंगठा हलत होता.

उन्हं कलली तेव्हा बाबा आले. बंडी घामानं भिजलेली, दमलेले, आणि डाव्या खांद्यावर मालकांगोणीचा फळांनी लगडलेला वेल. मला बाजूला सारून त्यांनी तो ओट्यावर टाकला.

"माटोळीच्या मदी बांध," म्हणाले. "आणि बेगीन च्या ठेव म्हणावं."

वेलाचं टोक मी बघितलं. पूर्वी बाबांचा वेल एका घावात तुटलेला असायचा. या टोकाला अनेक चरे होते, काही तर भलतीकडेच, जागा बदलून पुन्हा पुन्हा कापलेलं, आणि शेवटचा धागा तुटला नसावा, तो दातांनी तोडला होता. चौकटीला बांधताना ते टोक दिसू नये म्हणून बायकोनं पानांत दडवलं. मी ते ओढून पुढे घेतलं.